पटावरची महामाया

टेकडीवस्ती, जानेफळच्या पुढं
४ जुलै २०२५, शुक्रवार

रेणुकाताई,
जय भीम.

मोबाईल भेटला. भाऊजीनं सोमवारी शाळेत जाता जाता शालूबाईच्या चक्कीवर पिशवी ठेवली होती, तुहं पत्र बी त्यातच होतं. काच एका कोपऱ्यात तडकली हाय पण सगळं दिसते. तुहा जुना मोबाईल असन, माह्यासाठी नवाच हाय.

तू लिहिलं फोन करत जा. ताई, तुले मालूम हाय, फोनवर माहं तोंड बंद होते. आन बाबा स्पीकर लावते, मंग आख्खी वस्ती ऐकते. त्यापरिस पत्र बरं. भाऊजी दर शनिवारी देऊळगाव राजाले घरी येतेच, सोमवारी वापस येते, हप्ताभर जानेफळले खोलीवर राहून आपल्याच रस्त्यानं शाळेत जाते. त्याहिच्या बॅगीत एक कागद जड नाई होणार.

तू सांगतलेली ती सरकारची ऑनलाईन शाळा म्या पाह्यली. पाण्याच्या टाकीपाशी बसलं की रेंज येते. त्याच्यात लिहेल हाय का कोणत्याही गावचं पोट्टं घरबसल्या शिकू शकते, आपली शाळा आपण निवडायची. म्या तीनदा वाचलं. मले आतापर्यंत कोणी काही निवडायले सांगतलं नाई. आठवीची परीक्षा झाली, बस बंद झाली, बाबा म्हणे सहा किलोमीटर एकटी पोरगी नाई जाणार, आन झालं. कोणी विचारलं नाई तुले काय वाटते. आन विचारलं असतं तरी म्या काय बोलली असती?

मले नववीत बसायचं हाय. तीस सप्टेंबरपर्यंत नाव टाकता येते. जुन्या शाळेचा दाखला लागते फक्त. भाऊजी तठीच शिकवते, तर दोन दिवसाचं काम. आईले सांगतलं. आई म्हणे, रेणुकाचं चांगलं होवो.

तुही,
महामाया


देऊळगाव राजा
६ जुलै

महामाया,
जय भीम.

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. सासूबाई म्हणे, काय झालं? म्हटलं, माझी चुलतबहीण नववीत चालली.

दाखल्याचं ह्यांना सांगते. तरी तू अर्ज लिहून स्वतः जा शाळेत. हेडसरांच्या समोर उभं राहायचं, एवढंच. बोलायला नाही आलं तर अर्ज पुढं कर. उत्तमराव सर खेकसतात, चावत नाहीत.

आणि ऐक, गणित सुरू कर आतापासूनच. हे म्हणायचे, तुमची महामाया वर्गात तोंड उघडत नाही पण वहीत एक चूक सापडत नाही.

तुझी,
रेणुकाताई


टेकडीवस्ती
१८ जुलै, शुक्रवार

ताई,

तू देऊळगावची झाली, मला-तुला लिहाले लागली. असू दे. माह्या अंगाची आग होऊन राह्यली, ते ऐक.

मी शाळेत गेली. बाबा सोबत होते. उत्तमराव सरनं अर्ज वाचला आन टेबलावर पालथा ठेवला. म्हणे, "दयाराम, पोरगी हुशार हाय, काऊन नाव काढते तिचं?" बाबा म्हणे, "सर, नाव कवाच काढलं. पोरगी सव्वा वर्षापासून घरीच हाय." तं सर हसले. म्हणे, "एक ऑक्टोबरले या. तवर साहेबाची सही नाई."

तीस सप्टेंबर शेवटची तारीख, आन हे म्हणते एक ऑक्टोबर!

मंग मी टाकीपाशी बसून फॉर्म भरला, म्हटलं दाखला नंतर जोडीन. माहा विद्यार्थी नंबर टाकला तं काय आलं मालूम हाय? "ही विद्यार्थिनी इयत्ता दहावीत शिकत आहे." दहावीत! खाली नववीचे मार्क. विज्ञान बासष्ट. गणित अठ्ठावन्न. शारीरिक शिक्षण अ श्रेणी. ताई, म्या नववीचं पुस्तक हातात धरलं नाई. मी इकडं सोयाबीन निंदत होती आन तिकडं एक महामाया उड्या मारून अ श्रेणी घेत होती.

म्हंजे रोज कोणीतरी माह्या नावासमोर हजर लिहून राह्यलं. कोण लिहीत असन? त्या उत्तमराव सरचंच काम हाय हे. भाऊजीले मालूम झालं तं ते भांडतीन. तू सांग त्याहिले.

महामाया


देऊळगाव राजा
२० जुलै

महामाया,

वाचून डोकं फिरलं माझं. हा काय प्रकार आहे! पोरीचं नाव म्हणजे काय ह्यांच्या बापाचं आहे? तू घाबरू नको, शिक्षण खात्यात तक्रार करता येते, मी लिहून देते, तू नुसती सही कर.

आज रविवार, हे झोपलेत. उठले की विचारते.

रेणुकाताई


टेकडीवस्ती
८ ऑगस्ट, शुक्रवार

ताई,

तू विचारते म्हणे, त्याले तीन आठवडे झाले. म्या एक तारखेले बी पत्र देल्लं होतं भाऊजीजवळ, त्याचं बी उत्तर नाई. भाऊजी चक्कीवर थांबत नाई आता. गाडी तशीच दामटते. उद्या शालूबाई रस्त्यात आडवी उभी राहून हे पत्र त्याहिले देणार हाय. शालूबाई म्हणे, "काय वं, तुमच्या जावयाले चक्कीचा भुसा लागून राह्यला का?"

तुही तब्येत बरी हाय ना? का सासूबाई रागावल्या, माह्या पत्रापायी? तसं असन तर साफ लिही. तक्रारीचा कागद पाठव फक्त, मी सही करतो.

महामाया


देऊळगाव राजा
१७ ऑगस्ट

प्रिय महामाया,

तब्येत बरी आहे. कामात होते.

तक्रारीचं राहू दे सध्या. मी विचार केला, यंदा घाई कशाला? ऑनलाईन शाळेचं अजून नवं-नवं आहे, रेंज जाते, लाईट जाते. पुढच्या वर्षी नीट नाव टाकू. एका वर्षानं काय होतं? तोवर घरी वाच. मी पुस्तकं पाठवते.

आणि उत्तमराव सरांबद्दल असं कोणाजवळ बोलू नको. शाळा चालवणं सोपं नसतं.

काकूंना जय भीम सांग.

रेणुका


टेकडीवस्ती
२२ ऑगस्ट

ताई,

हे पत्र पोस्टानं टाकून राह्यली. काऊन ते तू समज.

एका वर्षानं काय होते? मले सांग तूच. तुले बारावीच्या टायमाले मोठेबाबानं म्हटलं होतं, एक वर्ष थांब, तवा तू दोन दिवस जेवली नव्हती. मी सातवीत होती, तुह्यापाशी ताट घेऊन मीच बसली होती. म्या तुले म्हटलं होतं का, एका वर्षानं काय होते?

पुढच्या वर्षी तं मी पटावर दहावी पास होऊन जाईन. मंग कोणती शाळा मले नववीत घेईन?

कोणी तुह्या तोंडावर हात ठेवला हाय. तो कोण, ते लिही.

महामाया


देऊळगाव राजा
७ सप्टेंबर

महामाया,

लिहिते. तुला पोस्टानंच पाठवते, ह्यांना न सांगता.

तुझी हजेरी उत्तमराव सर लावत नाहीत. हे लावतात. वर्गशिक्षक हेच आहेत. नववीचे मार्क ह्यांनीच भरले. त्या रविवारी मी विचारलं तेव्हा चहाचा कप ह्यांच्या हातात होता, तो तसाच गार झाला. तुझं एक ऑगस्टचं पत्र ह्यांनी मला दिलंच नव्हतं. शर्टाच्या खिशात सापडलं मला, फोडलेलं.

आता माझं ऐक. तीस सप्टेंबरचा पट धरतात, तेव्हा नववी-दहावीची पोरं वीसच्या खाली गेली की मास्तरची जागा जाते. पहिली जागा ह्यांची, कारण हे सगळ्यात शेवटी लागले. सात वर्षं ह्यांनी बिनपगारी शिकवलं, तुला माहीत आहे. लग्नाच्या वेळी लोक म्हणत होते, जावई मास्तर आहे का मास्तरचा नोकर? आत्ता कुठं मान्यता आली. आत्ता कुठं घरात माझ्या पोरीला दूध विचारून द्यावं लागत नाही. तुमच्या भागातली पोरं शहरात गेली, आश्रमशाळेत गेली, कोणी लग्न होऊन गेली. पट कुठून आणायचा? हेडसरांनी सांगितलं, नावं काढू नका. ह्यांनी नाही काढली.

१६ तारखेला पटपडताळणी आहे. अधिकारी मॅडम येतील, पोरं मोजतील. तू एक दिवस वर्गात बस. एकच दिवस. मी तुझ्याजवळ कधी काही मागितलं नाही. ऑक्टोबरात तुझा दाखला मी स्वतः आणून देईन.

रेणुकाताई


टेकडीवस्ती
१० सप्टेंबर

रेणुकाताई,

मी नाई येणार.

तू म्हणते कधी काही मांगितलं नाई. बरोबर हाय, तू मले देल्लंच हाय, मोबाईल देल्ला, शाळेचं बी तूच सांगतलं. आन जवा त्या शाळेचं दार उघडलं तवा तुह्याच घरचा माणूस दारात आडवा झोपला हाय. म्या कोणाच्या अंगावर पाय ठेवून जाऊ?

भाऊजी रोज माह्या नावासमोर हजर लिहाचे, आन सोमवारी मले चक्कीवर दिसाचे, म्हणाचे, "काय महामाया, बरं हाय ना?" सव्वा वर्ष! एकदा बी नाई म्हटलं का पोरी, येत जा शाळेत, मी गाडीवर घेऊन जातो. चक्कीपासून शाळा त्याच रस्त्यानं हाय ताई. गाडीवर मागची सीट रिकामीच असते. मी आली असती. मी खरी आली असती तं पट बी खरा राह्यला असता ना त्याहिचा? पण खरी पोरगी आणाले पेट्रोल लागते, खोटीले पेन पुरते.

गणितात अठ्ठावन्न कसे ठरवले, एवढं विचार त्याहिले. माहं तोंड आठवून का?

महामाया


टेकडीवस्ती
१९ सप्टेंबर

ताई,

तुले भाऊजीनं त्याहिचं सांगतलंच असन. आता माहं वाच.

चौदा तारखेले भाऊजी घरी आले. रविवार असून तुह्याकडं नाई थांबले, माह्याकडं आले. हातात कोणाचा तरी शाळेचा ड्रेस. बाबाले म्हणे, "काका, माह्या पोटावर येऊन राह्यलं." आईनं चहा ठेवला, बाबानं खाट झटकली. म्या चुलीपाशून म्हटलं, मी नाई जाणार. माह्या आयुष्यात पयल्यांदा म्या पाव्हण्यासमोर तोंड उघडलं आन बाबा काय म्हणे? "घरचा जावई दारात आला, महामाया. त्याले रिकामा वापस नसते धाडत." झालं. जावयाले धोतर देते, टोपी देते, तशी मी देल्ली.

मंगळवारी मी गेली. ड्रेसच्या बाह्या कोपरावर येत होत्या. शालूबाई चक्कीतून वरडली, "अवं, शाळा आठवली का आज?" म्या मान खाली घातली.

वर्गात तीस पोट्टे होते. मी ओळखत होती पंधरा-सोळाले. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडं पाहून राह्यले होते. माह्या बाजूले एक पोरगी बसेल होती, मंगळसूत्र ओढणीत गुंडाळून धरेल. म्या हळूच विचारलं, कोणत्या गावची? ते म्हणे, इथलीच होती, आता सासरी असते, पोरगं आईजवळ टाकून आली. ते बी दहावीत होती, ताई. माह्यासारखीच.

मॅडम आल्या. एकेक नाव घेत गेल्या. माहं नाव आलं, मी उभी राह्यली, त्याहिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं बी नाई, बरोबरची खूण केली आन पुढच्या नावावर गेल्या. मी बसली. सगळं झालं होतं. भाऊजी दारात उभे होते, त्याहिनं रुमालानं तोंड पुसलं. उत्तमराव सर मॅडमले म्हणे, "चला, चहा थंडा होईन."

तवा मले काय झालं मालूम नाई. म्या खूप दिवस विचार केला असन असं तुले वाटन. नाई केला. ते खूण मले दिसत होती मॅडमच्या कागदावर. पेनाची. निळी. मी उभी राह्यली. मॅडम दारापाशी गेल्या होत्या. म्या म्हटलं, "मॅडम, ते खूण खोडा. मी अठी शिकत नाई."

सर हसले. म्हणे, "लाजाळू पोरगी हाय, घाबरली."

म्या म्हटलं, "मी आठवी झाल्यापासून घरी हाय. हा ड्रेस माहा नाई. मले दाखला पाह्यजे."

आवाज इतका बारीक आला का मॅडम म्हणे, "जोरात बोल." मंग म्या जोरात बोलली. माह्याच कानाले तो आवाज ओळखू नाई आला.

भाऊजीचं नाव म्या नाई घेतलं. मॅडमनं विचारलं, हजेरी कोण घेते? बोट दाखवलं ते उत्तमराव सरनं. एका सेकंदाचा बी उशीर नाई केला त्यानं. म्हणे, "वर्गशिक्षक राजकुमार सर. सही त्याचीच हाय, मले काही कल्पना नाई." तुह्या नवऱ्यानं ज्याच्यासाठी माहं नाव दाबून ठेवलं, त्यानं चहा थंडा व्हायच्या आत त्याले इकून टाकलं.

दाखला मॅडमनं समोर बसून लिहाले लावला. त्याच्यात लिहेल हाय, नववी पास, वर्तणूक बरी.

महामाया


देऊळगाव राजा
२४ सप्टेंबर

महामाया,

समाधान झालं का?

ह्यांना नोटीस आली. घरी बसलेत. पंधरा नावं खोटी निघाली, सगळी ह्यांच्या सहीची. हेडसर अजून खुर्चीवर आहेत. सासूबाई दिवसभर म्हणतात, तुझ्या माहेरच्या पोरीनं घर बुडवलं. मी काय उत्तर देऊ?

तू मला एका शब्दानं सांगितलं असतं की उभी राहणार आहेस, तर मी ह्यांना त्या दिवशी रजा टाकायला लावली असती. सही तशीही त्यांचीच होती म्हणशील. हो, होती. पण माणूस दारात उभा असताना, महामाया!

तुला घेऊन मी उन्हात अंगणवाडीत जात होते, तुझा हात सुटू नये म्हणून ओढणीला बांधत होते. ती पोरगी तूच का, मला समजत नाही.

मला पत्र लिहू नको.

रेणुका


टेकडीवस्ती
२९ सप्टेंबर

ताई,

लिहू नको म्हणते, तरी लिहितो. कामाचं हाय.

म्या ऑनलाईन शाळेत नाव टाकलं. तं त्याहिनं मले सरळ दहावीत टाकलं, काऊन का दाखल्यावर नववी पास हाय. म्या तठल्या बाईले फोन केला. हाव, फोन केला, बाबाचा स्पीकर चालू होता, आख्खी वस्ती ऐकत होती, ऐकू दे. म्या म्हटलं, बाई, मले नववी येत नाई, मले वर्गमूळ बी येत नाई, खाली बसवा. बाई म्हणे, "बेटा, रेकॉर्डले तुले अठ्ठावन्न हाय. असं कसं येत नाई?" हसून राह्यल्या होत्या. त्याहिले वाटलं मी भेवून राह्यली.

तर आता माह्या खरं बोलण्यापरिस भाऊजीचे खोटे मार्क मोठे झाले. त्या बाई म्हणे, ज्यानं मार्क भरले त्यानंच लिहून देल्लं, तं पंधरा ऑक्टोबरपर्यंत दुरुस्ती होईन. नाईतर दहावीची परीक्षा देजो आन नापास होजो.

म्हणून एका कागदावर भाऊजीकडून लिहून पाह्यजे, का महामाया नववी शिकली नाई, तिचे मार्क म्या मनानं भरले. खाली सही. नाव जाईल त्याहिचं, मले मालूम हाय. ते तसंही गेलं हाय. माहं जाऊन राह्यलं ते अजून वाचते.

मी माफी नाई मांगत. तू बी मांगू नको. पण तू मले जे म्हटलं ते पटलं नाई मले. हात सुटू नये म्हणून ओढणीले बांधत होती, बरोबर. पण मी मोठी झाली तवा बी ते गाठ सोडली नाई तुम्ही लोकायनं. बांधेल ठेवली, पटाले.

कागद पोस्टानं पाठव.

महामाया


देऊळगाव राजा
९ ऑक्टोबर

महामाया,

कागद सोबत आहे. तीनदा लिहून फाडला त्यांनी. वकील म्हणत होता, असं काही लिहून द्याल तर चौकशीत तुम्हीच अडकाल, हेडसरांवर ढकला. मी कागद आणि पेन समोर ठेवलं आणि दुपारची भाकरी टाकली नाही. सासूबाई ओरडल्या. मी नाही टाकली.

संध्याकाळी लिहिला. वाचून बघ, सगळं आहे त्यात. विज्ञान बासष्ट, गणित अठ्ठावन्न, ती अ श्रेणीसुद्धा. मनाने भरले, असं साफ लिहिलंय. हेडसरांनी सांगितलं म्हणून भरले, हेही लिहिलंय.

सही करून झाल्यावर मला विचारलं, "तिला खरंच वर्गमूळ येत नाही का गं? एवढी हुशार पोरगी."

मी म्हटलं, तुम्ही शिकवलंच कधी?

त्यांनी कागदाची घडी घातली. मी तो पाकिटात टाकला.

माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, जाईल असं आज तरी वाटत नाही. पण आता तो एकट्या तुझ्यावर नाही.

पंधरा तारखेच्या आत कागद दे. उशीर करू नको.

रेणुकाताई